नखाचा तुकडा लॅबला गेला म्हणजे बायोप्सी झाली का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीत विश्रामबागेत राहतात, बी. फार्म. आहेत, आणि घरूनच रात्रपाळीत एका अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याचं बिलिंग बघतात. त्यांचा एक क्लेम अडकलाय. पेशंट ७१ वर्षांचे, मेडिकेअरचे, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ. डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, नखाचा मागचा भाग उचलून बाजूला केला, नखाच्या मुळातून ३ मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याने कापलेला तुकडा, घेतला आणि नख पुन्हा जागेवर बसवलं. त्याच भेटीत उजव्या पायाची चार जाड झालेली नखं छाटून-घासून पातळ केली आणि त्यांचे कपटे बुरशी तपासायला पाठवले. अमेरिकेत डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला पाच आकडी सीपीटी कोड असतो. क्लेमवर गेले ते कोड असे: ११७५५ दोन वेळा, ११७३०, १११०४, ६४४५०, ११७२१ आणि ९९२१३. सगळ्यांपुढे निदानाचा कोड एकच, सी४३.७२. पैसे आले ते फक्त ११७२१ चे, बाकी सगळं नाकारलं. शिवाय त्यांनी विचारलंय की तासगावच्या मामांची अशीच बायोप्सी मिरजेत झाली, तिचा मेडिक्लेमही नाकारला गेला, तर आपल्याकडे नियम वेगळा आहे का.

आधी एक आगाऊ सूचना. ताई, तुम्ही डॉक्टरांच्या नोटचा फोटो पाठवलात त्यात वरच्या कोपऱ्यात पेशंटची जन्मतारीख आणि चार्ट नंबर दिसतोय. तो फोटो फोनमधून आणि व्हॉट्सॲपमधूनही काढून टाका. हिपा हा पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा अमेरिकेतला कायदा १९९६ चा आहे आणि तुमच्या कंपनीने त्यावर तुमची सही घेतलेलीच असणार. शंका विचारायची तर नोट स्वतः टाइप करून, नाव-तारखा वगळून विचारायची.

आता मुद्द्यावर येतो. नखाच्या कामात नवीन कोडर जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी घसरतो. तो लॅबची चिठ्ठी आधी वाचतो. चिठ्ठीवर 'नेल, बायोप्सी' असं छापलेलं असतं, कारण लॅबच्या फॉर्मवर तोच रकाना असतो, आणि आपण ११७५५ टाकून मोकळे होतो. कोड ठरतो तो डॉक्टरांच्या हाताने नखाच्या कुठल्या थराला, कुठल्या बोटाला, कशासाठी काय केलं यावर. बाटलीत काय गेलं त्यावर नाही.

११७५५ म्हणजे नखाच्या युनिटची बायोप्सी. युनिटमध्ये काय काय येतं ते कोडच्या वर्णनातच आहे: वरची कडक प्लेट, खालची गादी, मागचं मूळ म्हणजे मेट्रिक्स, पुढच्या टोकाखालची कातडी, आणि मागची व बाजूची घडी. तुमच्या पेशंटच्या डाव्या अंगठ्याचं काम या कोडात चपखल बसतं. मॉडिफायर, म्हणजे कोडामागे जोडायची दोन अक्षरी खूण, टीए. हा कोड एकदाच. उजव्या पायाच्या कपट्यांसाठी लावलेला दुसरा ११७५५ काढून टाका. नखाची मोकळी कड छाटून डबीत टाकणं ही बायोप्सी नव्हे. ती छाटणी ११७२० मध्ये, म्हणजे एक ते पाच नखं छाटून-घासून पातळ करण्याच्या कोडात, आलीच, आणि नुसती छाटणीच झाली असती तर ती भेटीच्याच फीमध्ये धरली गेली असती. वर्णनात प्लेटचंही नाव आहे म्हणून काही जण यावर वाद घालतात. मी घालत नाही. ऑडिटरसमोर तो वाद जिंकलेला मी कुणी पाहिला नाही, आणि दवाखान्यात भूल नाही, जखम नाही, टाका नाही, ड्रेसिंग नाही, तर शस्त्रक्रियेचे पैसे मागायचे कशाच्या जोरावर?

११७३०, म्हणजे नख उपसून काढणं, हे तर त्याच अंगठ्यावर आहे. नख उचललं ते मुळापर्यंत पोहोचायला. शस्त्रक्रियेच्या जागेपर्यंत जाण्याची वाट ही शस्त्रक्रियेचाच भाग, हे एनसीसीआयचं, म्हणजे कुठले दोन कोड एकत्र लावता येत नाहीत ते ठरवणाऱ्या मेडिकेअरच्या नियमांचं, मूळ तत्त्व आहे. विहीर खणणारा वरची माती काढल्याचं वेगळं बिल लावत नाही. नाकारण्याचं कारण म्हणून तुम्हाला आलेला सीओ-९७ हाच आहे: याचे पैसे दुसऱ्या कामात धरलेत. इथे ५९ मॉडिफायर लावून पुन्हा पाठवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. देऊ दे. ५९ म्हणजे वेगळी जागा, वेगळी भेट किंवा वेगळी जखम, आणि इथे यातलं काहीच नाही. उजव्या अंगठ्याचं नख दुखतं म्हणून त्याच दिवशी वेगळं उपसलं असतं, तर ११७३० वर टी५ लावून ते मागता आलं असतं.

बोटांचे मॉडिफायर पाठ नसतील तर आजच करा. डाव्या पायाचा अंगठा टीए, पुढची चार बोटं टी१ ते टी४. उजव्या पायाचा अंगठा टी५, पुढे टी६ ते टी९. हाताला एफए, एफ१ ते एफ४ डावीकडे, एफ५ ते एफ९ उजवीकडे. नोटमध्ये डॉक्टर कधी 'डावा अंगठा' एवढंच लिहितात, तेव्हा हाताचा की पायाचा हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

११७५५ च्या वर्णनाच्या शेवटी 'सेपरेट प्रोसिजर' असे दोन शब्द आहेत आणि नवीन माणूस त्यांचा नेमका उलटा अर्थ लावतो, की हे वेगळं बिल करता येतं. तसं नाही. ही प्रोसिजर त्या जागी एकटीच झाली असेल तरच तिचं बिल. त्याच बोटावर ११७५० केलं, म्हणजे नख आणि मूळ कायमचं काढलं किंवा फिनॉलने जाळलं, आणि काढलेलं पॅथॉलॉजिस्टकडे पाठवलं, तर बिल ११७५० चंच. त्यावर बायोप्सी चढवायची नाही. दोन्हींच्या ग्लोबल काळातही, म्हणजे नंतरच्या भेटी ज्या दिवसांपर्यंत मूळ फीमध्येच धरतात त्यातही, फरक आहे: ११७५५ ला शून्य दिवस, ११७५० ला दहा. म्हणून टाके बघायला पाचव्या दिवशी आलेल्या पेशंटची भेट एका बाबतीत बिल होते, दुसऱ्या बाबतीत होत नाही.

१११०४, म्हणजे कातडीची पंच बायोप्सी, कुठून आला ते मला कळतं. नोटमध्ये 'पंच' दिसला. २०१९ मध्ये जुने १११०० आणि १११०१ हे कोड जाऊन कातडीच्या बायोप्सीचे १११०२ ते १११०७ आले: खरवडून, पंचने, चीर देऊन. त्यामुळे हत्यार बघून कोड लावायची सवय लागली. पण नखासाठी स्वतंत्र कोड आहे, आणि सीपीटीचं पुस्तक त्या कोडांच्या पानावरच सांगतं की नखाच्या युनिटसाठी ११७५५ कडे जा. पंच असो, चीर असो की मेट्रिक्सचा पातळ पापुद्रा असो, नखाच्या युनिटमधून घेतलं तर ११७५५. नखामागच्या घडीतून घेतलं तरी तेच, कारण ती घडी युनिटमध्ये मोडते. घडीच्या पलीकडे बोटाच्या पाठीवरच्या कातडीतून घेतलं तरच १११०२ ते १११०७ ची मालिका. म्हणून डॉक्टरांनी नुसतं 'अंगठ्याची पंच बायोप्सी' असं लिहिलं तर कोड ठरतच नाही.

६४४५०, म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन, याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जो डॉक्टर काम करतो त्यानेच बोट बधिर केलं तर मेडिकेअर त्याचे वेगळे पैसे देत नाही. काढून टाका.

आता ज्याचे पैसे आले तो ११७२१. तो सहा किंवा जास्त नखांसाठी आहे. तुमच्या नोटमध्ये चार नखं आहेत, म्हणजे ११७२०, एक ते पाच. नखं कितीही असोत, बिलात कोड एकदाच. नोटच्या खाली 'नेल्स डिब्राइडेड' असं टेम्प्लेटमधून आलेलं वाक्य आहे, त्यावर विसंबून सहा धरली असावीत. या कोडाचे जास्त पैसे आलेत, ते ठेवायचे नाहीत. जास्त आलेली रक्कम ओळखल्यावर ६० दिवसांत परत करायची हा मेडिकेअरचा नियम आहे, त्यामुळे हे आजच तुमच्या टीम लीडच्या कानावर घाला, ईमेलने. आणि ११७२० टिकवायचा तर नखं जाड होती एवढं पुरत नाही. मेडिकेअर पायांची नेहमीची निगा भरून देत नाही. चालताना दुखतं, आत पू झालाय, मधुमेहामुळे पायाचा रक्तपुरवठा किंवा संवेदना कमी आहे, असं काहीतरी नोटमध्ये हवं. दुखत असेल तर उजव्या पायाच्या बोटांसाठी एम७९.६७४ सोबत जातो. रक्तपुरवठ्याच्या लक्षणांवर क्यू७, क्यू८, क्यू९ यांपैकी एक मॉडिफायर लागतो. ११७५५ आणि ११७२० एकाच दिवशी असतील तर त्या तिमाहीचा एनसीसीआयचा तक्ता उघडून जोडी बघा. जोडी असेल तर इथे एक्सएस (वेगळ्या अवयवाची खूण) किंवा ५९ खरोखर लागू पडतो, कारण पायच वेगळा आहे.

९९२१३ हा दवाखान्यातल्या भेटीचा कोड. त्यावर २५ मॉडिफायर, म्हणजे प्रोसिजरहून वेगळी भेटही झाली ही खूण, नव्हता म्हणून तो उडाला. पण नुसता २५ चिकटवून परत पाठवण्याआधी नोट पुन्हा वाचा. लहान प्रोसिजर करायची की नाही हे ठरवणं त्या प्रोसिजरच्या फीमध्येच धरलेलं असतं. पेशंट काळी रेघ दाखवायला आला, डॉक्टरांनी बघितलं, बायोप्सी करायचं ठरवलं, केली. यात वेगळी भेट नाही. त्याच वेळी कोपरावरच्या सोरायसिसचं औषध बदललं असतं तर गोष्ट वेगळी. तुमच्या नोटमध्ये बुरशीबद्दल 'तोंडी औषध सुरू करण्याआधी लिव्हरच्या तपासण्या, घेत असलेल्या गोळ्यांशी होणारा परिणाम समजावला' अशी दोन ओळींची चर्चा आहे. माझ्या मते त्यावर २५ टिकू शकतो, पण तो डॉक्टरांनीच ठामपणे म्हणायला हवा.

निदानाचा कोड मात्र पैशापेक्षा गंभीर आहे. सी४३.७२ म्हणजे डाव्या पायाचा मेलानोमा, कॅन्सर. नोटमध्ये 'मेलानोमा नाही ना हे बघण्यासाठी' असं लिहिलंय. दवाखान्यातल्या, म्हणजे ओपीडीच्या कोडिंगमध्ये 'शक्यता', 'संशय', 'नाही ना बघायचंय' अशा निदानाचा कोड लावायचाच नाही, हे आयसीडी-१०-सीएम या निदानाच्या कोडसंचाच्या मार्गदर्शक सूचनांच्या चौथ्या भागात स्पष्ट आहे. जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच: नखातली काळी रेघ, एल६०.८. सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांत अशा रेघा कितीतरी जणांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात. तुम्ही टाकलेला कोड त्या गृहस्थांच्या विमा इतिहासात कॅन्सर म्हणून बसला, तर तो काढताना त्यांची दमछाक होईल.

बरेच जण मग डी४८.५ कडे धावतात, 'अनिश्चित' या नावाला भुलून. तो कोड कोडरला किंवा डॉक्टरला खात्री नाही म्हणून लावायचा नाही. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून, ही गाठ साधी की घातक हे सांगता येत नाही असं लिहिलं तरच तो. गाठ आहे पण अजून तपासलेलीच नाही, तर डी४९.२. बुरशीचंही तसंच. डॉक्टरांनी स्वतः 'ऑनिकोमायकोसिस', म्हणजे नखाची बुरशी, असं ठामपणे लिहिलं असेल तर बी३५.१ लावता येतो, लॅबची वाट बघावी लागत नाही. 'बुरशीचा संशय' असेल तर एल६०.३ किंवा नखाच्या स्वरूपाप्रमाणे जवळचा कोड.

रिपोर्ट येईपर्यंत क्लेम थांबवावा का, हा पुढचा प्रश्न. गाठ काढण्याच्या कोडांत थांबावंच लागतं, कारण साधी गाठ आणि घातक गाठ यांचे कोड वेगळे आहेत. बायोप्सीत ११७५५ हा रिपोर्टवर अवलंबून नाही. तरी मी आठवडाभर थांबण्याच्या बाजूचा आहे. रिपोर्ट हातात असेल तर तेच निदान लावायचं, आणि पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही क्लेम एकमेकांशी जुळतात. लॅबने लावलेले, तुकडा तपासण्यासाठीचा ८८३०५ आणि बुरशीच्या रंगासाठीचा ८८३१२, हे तुमच्या क्लेमवर येत नाहीत, ते लॅबचं बिल. डॉक्टर स्वतः दवाखान्यात केओएच (बुरशी बघायची साधी तपासणी) करून स्लाइड बघत असतील तर गोष्ट निराळी, पण तुमच्या नोटमध्ये तसं नाही.

दुरुस्तीच्या वाटेबद्दल. खाजगी विमा कंपनी असती तर सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मच्या २२ व्या रकान्यात ७ टाकून, मूळ क्लेम नंबरसह सुधारित क्लेम पाठवायचा. मेडिकेअर पार्ट बी तो ७ स्वीकारत नाही. तिथे किरकोळ चुकीसाठी रीओपनिंग, म्हणजे तोच क्लेम पुन्हा उघडून दुरुस्त करणं, मागायचं, त्याला एक वर्ष मिळतं. निर्णयच मान्य नसेल तर रीडिटर्मिनेशन, म्हणजे अपील, त्याला १२० दिवस. तुमच्याकडे भांडण्यासारखं काही नाही, चूक आपलीच आहे, त्यामुळे रीओपनिंग. आणि डॉक्टरांना विचारताना 'सर, ११७५५ लावू का?' असं विचारू नका. तो प्रश्न उत्तर सुचवणारा आहे आणि ऑडिटमध्ये तुमच्यावरच उलटतो. 'नमुना नखाच्या कुठल्या भागातून घेतला ते नोटमध्ये जोडाल का?' एवढंच.

आता तासगावचे मामा. द्राक्षबागेत काम, नखाला मार लागला असेल असं समजून वर्षभर दुर्लक्ष, मग मिरजेत बायोप्सी. आपल्याकडे सीपीटी नाही. तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा कोडसंच आहे, १९६६ पासूनचा, आणि तिथल्या प्रत्येक कामाला वेगळा भाव असल्यामुळे लागतो. आपला मेडिक्लेम मुळात ॲडमिशनवर उभा आहे. किमान २४ तास भरती, किंवा डे केअर, म्हणजे २४ तासांच्या आत घरी सोडता येणारी शस्त्रक्रिया. आणि डे केअरच्या व्याख्येतच लिहिलंय की जे काम एरवी ओपीडीत होतं ते त्यात धरायचं नाही. बोट बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होणारी नखाची बायोप्सी ओपीडीचंच काम आहे. पॉलिसीत ओपीडी कव्हर नसेल तर क्लेम नाकारणं नियमाला धरून आहे, त्यासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडे धाव घेऊन उपयोग नाही.

'एक रात्र ॲडमिट दाखवू' असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. फक्त तपासणीसाठी केलेली भरती ही प्रमाणित अपवादांच्या यादीत एक्ससीएल०४ म्हणून आहे, तो क्लेम तर जातोच, वर पुढच्या खऱ्या क्लेमकडेही संशयाने बघितलं जातं.

पण एक वाट उघडी आहे आणि ती लोकांना कुणी सांगत नाही. देव करो आणि गरज न पडो, पण रिपोर्टमध्ये काही निघालं आणि त्याच आजारासाठी मामांना भरती व्हावं लागलं, तर भरतीच्या आधीचा खर्च मागता येतो. बहुतेक पॉलिसींत ३० दिवस, काहींत ६०. त्यात बायोप्सीची फी, लॅबचं बिल, औषधं हे सगळं बसतं, अट एवढीच की मुख्य भरतीचा क्लेम मंजूर झालेला असावा. मुदत भरतीच्या तारखेपासून मागे मोजतात, म्हणून रिपोर्ट आल्यावर चालढकल करू नका.

त्यासाठी कागद आत्ताच नीट करून घ्या. मिरजेच्या दवाखान्याची पावती 'मायनर ओटी चार्जेस' एवढीच असेल तर परत जाऊन तपशील मागा: कुठलं बोट, कुठली बाजू, काय केलं, भूल कशी दिली, तारीख, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक. बायोप्सी का करायची हे लिहिलेली मूळ चिठ्ठी आणि लॅबची वेगळी पावती जोडा. रिपोर्टवर आयसीडी कोड असेल तर तो, समजा मेलानोमाचा असेल तर, सी४३.७ असा दशांशानंतर एकाच आकड्यावर थांबलेला दिसेल, डावं-उजवं नाही. आपल्याकडचा आयसीडी-१० हा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, तुमचा रात्रपाळीतला सीएम त्याची अमेरिकन आवृत्ती. त्यामुळे बाजू शब्दांत लिहिलेली असणं इथे जास्त महत्त्वाचं.

रिपोर्ट कसाही आला तरी लॅबकडून मेणातला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, पावतीवर त्यांचा नंबर लिहून. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवायची वेळ आली तर तिथले पॅथॉलॉजिस्ट तोच ब्लॉक पुन्हा वाचतात. तो जवळ नसेल तर मामांच्या नखावर दुसऱ्यांदा सुरी चालवावी लागेल.